यात्रेकरूचं मावंदं

कुठल्या तोंडाने सांगू, हाच प्रश्न आहे! पण चहा ठेवलाच आहे तर ऐका. मात्र एक अट, मध्येच हसायचं नाही. वर्षभर खपून केलेल्या लेकीच्या कामाची माती करायला एखाद्या बापाला किती वेळ लागतो? मला बावीस मिनिटं लागली. त्यात चहासुद्धा पिऊन झाला.

आम्ही इकडे परदेशात, टूनगॅबीत राहतो. मी पॅरामॅटाला सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. अठरा वर्षं हेच करतोय, त्यामुळे खोड हाडात मुरलीय. कोणाच्या लग्नाची पत्रिका आली तरी मी आधी त्यातल्या चुका काढतो आणि मग अभिनंदन करतो. बायको म्हणते, तुझ्या हातात रामरक्षा दिली तरी तू लाल पेन शोधशील.

आमची सई बारावीला. तिच्या इंग्लिशच्या खास विषयात यंदा होता यात्रेकरू नायक. जुन्या रूपककथांपासून आजच्या फॅन्टसीपर्यंत म्हणे हा एकच माणूस चालतोय.

"इट्स सिम्पल, बाबा," तिने मला एकदा समजावलं. "एक माणूस घर सोडून निघतो. पाठीवर ओझं. वाटेत दलदल, डोंगर, राक्षस. पण दलदल म्हणजे दलदल नसते, राक्षस म्हणजे राक्षस नसतो."

"मग काय असतो?"

"दुसरंच काहीतरी. ते वाचणाऱ्याने ओळखायचं."

"मग सरळ तेच का नाही लिहीत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की गवारीत कीड निघाल्यावर आमची आई पाहायची ना, अगदी तसं.

तर तिला स्वतः अशी एक गोष्ट लिहायची होती. इंग्रजीत, चार हजार शब्द. वर्षाच्या मार्कांचा मोठा वाटा तिच्यावर. वर्षभर खोलीचं दार बंद करून लिहीत होती. आम्हाला एक ओळ दाखवली नाही.

गोष्ट द्यायचा दिवस गुरुवार, दुपारी चारपर्यंत. आणि नेमकी त्याच दुपारी तिची ड्रायव्हिंग टेस्ट! ती तारीख मिळवायला तीन महिने गेले होते, सोडणार कशी? तिची आई शिफ्टला. घरून काम करणारा मीच एक रिकामटेकडा.

"बाबा, फायनल आहे. फक्त पेज नंबर टाक, पीडीएफ कर आणि पोर्टलवर चढव. बाकी कशालाही हात लावू नकोस. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"नीट म्हण."

"कशालाही हात लावणार नाही. नो वरीज!"

गेली बिचारी विश्वासाने.

आता मला सांगा, पेज नंबर टाकायचे तर पानं सरकवावी लागतात की नाही? मग सरकवताना काय डोळ्यांवर पट्टी बांधू? वाचली मी गोष्ट.

आणि काय लिहिलं होतं पोरीने! एक म्हातारा यात्रेकरू. पाठीवर गाठोडं, त्यात कोणासाठी तरी जपून ठेवलेला खाऊ. वाटेत काचेचा उंच मनोरा. वर एक राक्षस बसलेला, कानात वायरी. त्याचं नावच 'पुढच्या-महिन्यात'. म्हातारा रोज सकाळी मनोऱ्याखाली उभा राहून हाक मारतो. राक्षस खाली न बघताच सांगतो, "आत्ता नाही, पुढच्या महिन्यात नक्की." म्हातारा म्हणतो, "बरं, काम कर तू." आणि चालू लागतो.

मी हसून हसून लोळलो. हुबेहूब आमचा मॅनेजर! माझी रजा मागायची वेळ आली की हेच वाक्य, ह्याच सुरात. वा सई, बापाचे हाल बघून पोरीने हत्यार उपसलं, म्हटलं.

शेवटी म्हातारा एका रुंद नदीपाशी येतो. गाठोडं खाली ठेवतो, चपला काढतो, पाण्यात उतरतो. पलीकडे दिवे दिसतात. संपलं.

संपलं? मी पुढचं पान शोधलं. नव्हतंच! अरे, माणूस यात्रेला गेला, पोचला, आणि परत कधी आला? घरी वाट बघणाऱ्यांचं काय? साडेतीन वाजले होते. सईला फोन केला तर टेस्टमुळे बंद. म्हणून मिलिंदला लावला. हा माझ्याबरोबर शिकायला इथे आलेला, आता मेलबर्नला बस चालवतो, क्रेगीबर्नला घर आहे. नेमका ब्रेकवर होता.

"मिल्या, काशीला गेलेला माणूस परत आल्याशिवाय यात्रा पुरी होते का रे?"

"छे! परत येऊन मावंदं घातल्याशिवाय कसली यात्रा? गावजेवण नको?"

"सईने तो शेवटच लिहिला नाहीये."

"टेन्शनमध्ये विसरली असेल पोरगी. तू लिहून टाक. बाप कशासाठी असतो?"

एवढं कोणीतरी म्हणायचीच मी वाट बघत होतो.

बसलो लिहायला. म्हातारा नदीत आंघोळ करतो, गडू भरून घेतो आणि घरी येतो. दारात रांगोळी. मग मावंदं! मी आठ वर्षांचा असताना आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, काशीहून परत आले होते. साताऱ्यात अख्खी पेठ जेवायला होती आणि मी पंगतीत पाणी वाढत होतो. ते सगळं जसंच्या तसं उतरवलं. पुरणपोळीला इंग्रजीत काय म्हणायचं यात चार मिनिटं गेली. आणि अगदी शेवटी, मॅनेजरचा सूड म्हणून एक खास वाक्य टाकलं. 'सगळे पोटभर जेवले. फक्त त्या राक्षसाला कोणी बोलावलं नाही.'

काय फटका होता! मीच मला टाळी दिली. तीन बावन्नला अपलोड.

साडेचारला सई नाचतच आली. टेस्ट पास!

"अपलोड झालं ना, बाबा?"

"झालं. आणि एक छोटी चूक राहिली होती, ती पण दुरुस्त केली."

तिचा चेहरा उतरला. लॅपटॉप उघडला, वाचायला लागली. आणि मी गाढव, शेजारी उभा राहून शाबासकीची वाट बघतोय! वाचून झाल्यावर ती स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, तो परत येत नाही."

"अगं, पण यायला हवा ना!"

"ही कान्ट कम बॅक! तो नदी ओलांडतो, बाबा. सगळ्या गोष्टी नदीपाशी संपतात. नदी म्हणजे काय असतं?"

मी वाकून पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकावलो.

"तो मरतो, बाबा. ते आजोबा आहेत."

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. रोज सकाळी आंघोळ झाली की ते मला फोन करायचे. तिकडची सकाळ म्हणजे इकडची भर दुपार, माझ्या मीटिंगची वेळ. "अण्णा, मीटिंगमध्ये आहे. पुढच्या महिन्यात नक्की येतो." तीन वर्षं हेच. पोरगी शाळेतून लवकर आली की शेजारच्या खोलीत असायची, तिला सगळं ऐकू जायचं. मी शेवटी गेलो तो तेराव्याला. कपाटात माझ्यासाठी ठेवलेल्या कंदी पेढ्यांचा डबा निघाला, बुरशी आलेला.

हे सगळं मला माहीत होतं हो! तरी त्या फरशीपाशी उभा राहून मी विचारलं काय? "पण तो राक्षस तर माझा मॅनेजर आहे ना?"

"तुझा मॅनेजर?" सई म्हणाली. "बाबा, मी त्याला कधी बघितलंसुद्धा नाहीये."

मी तिच्या समोर फरशीवर बसलो. स्वतःच्या बापाचं मावंदं घातलं, अख्खं गाव जेवायला बोलावलं आणि स्वतःलाच दाराबाहेर ठेवलं. तेही झोकात, टाळी देऊन! रडायला येत होतं आणि रडलो. सई पण रडली. मार्कांसाठी की आजोबांसाठी, विचारायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिच्याबरोबर शाळेत गेलो. मिसपुढे हात जोडून कबूल केलं, की शेवटचं पान माझं, पोरीचा काही दोष नाही. मिसने सईची आधीची प्रत तारखेसकट तपासली आणि गोष्ट पुन्हा तशीच करून तिथल्या तिथे चढवायला सांगितली. सईने माझ्यासमोर माझं पान काढून टाकलं. रांगोळी गेली, पंगत गेली, पोळ्या गेल्या. शेवटच्या वाक्याशी मात्र तिचा हात थांबला.

"हे चांगलं होतं, बाबा," ती म्हणाली, आणि तेही पुसलं.

मग मिस म्हणाल्या, आता मला सईशी एकटीशी बोलायचंय. मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो. पंधरा मिनिटांनी सई आली. चेहरा जरा मोकळा दिसत होता.

"काय म्हणाल्या मिस? मार्क कापणार का?"

"नाही. गोष्ट आवडली त्यांना. म्हणाल्या, राक्षस फारच खरा वाटतो, तुला हा भेटला कुठे?"

"मग तू काय सांगितलंस?"

सईने सीटबेल्ट लावला.

"खिडकीतून दाखवला."