तीन अर्जंट, एक ऑर्डिनरी

ऐंशीच्या दशकात आमच्या एक्स्चेंजमधून मुंबईला बोलायला एकच लाइन होती, आणि दिवसपाळीला ती माझ्या हातात असायची. चोविसाव्या वर्षी एवढी सत्ता मालवणच्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुठल्या बाईकडे असेल असं मला वाटत नाही. मासळीवाल्या सोडून.

घरून थेट मुंबई लागायची सोय नव्हती. लोक कॉल नोंदवायचे, मी चिठ्ठी लिहून लाकडी खणात टाकायची. खण तीन होते: लाइटनिंग, अर्जंट आणि ऑर्डिनरी; जितकी घाई तितके जास्त पैसे. वरच्या खणात चिठ्ठी असेपर्यंत खालच्याला हात लावायचा नाही, असा नियम. लाइटनिंग मी एकदाच लावला. एका पुढाऱ्याला विचारायचं होतं, पाठवलेली सुरमई पोचली की नाही.

अर्जंटचा खण मात्र आंब्याच्या दिवसांत ओसंडून वाहायचा. गावातले एक आंबावाले शेट सकाळी आठलाच दहा-बारा अर्जंट नोंदवून ठेवत. पहिल्या कॉलवर भाव विचारायचे. पुढच्या कॉलांवर मेव्हण्याचं पोट साफ झालं का, सासूबाई अजून मुक्कामाला आहेत का, असा व्यापार चाले. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही असा आम्हाला नियम होता. तो मी ऐकलेलं चेहऱ्यावर न दाखवून पाळला.

त्या वर्षी जवळच्या कट्टा गावाहून एक निवृत्त गुरुजी यायला लागले. दर सोमवारी पहिल्या एसटीने येत, मुंबईतल्या मुलाला एक ऑर्डिनरी कॉल नोंदवत आणि बाकावर बसत. संध्याकाळच्या शेवटच्या एसटीला उठून जात. शेटच्या चिठ्ठ्या संपायच्याच नाहीत, त्यामुळे गुरुजींची वर यायचीच नाही. असे तीन सोमवार गेले.

"गुरुजी, अर्जंट करा," मी म्हटलं. "आज तरी लागतलो."

"माझा काम अर्जंट नाय," ते म्हणाले. "मग खोटा कित्याक सांगू?"

चौथ्या सोमवारी मी माझाच नियम काढला: तीन अर्जंट लागले की एक ऑर्डिनरी लावायचा. परवानगी कोणाची घेतली नाही, कारण मागितली असती तर मिळाली नसती.

पण शेट काही आंब्यावरच मोठे झाले नव्हते. मधूनमधून ऑर्डिनरीही लागतात हे त्यांनी अर्ध्या तासात ओळखलं. दहा वाजता त्यांचे आंबे उतरवणारे नऊ गडी रांगेने खिडकीशी आले आणि प्रत्येकाने एकेक ऑर्डिनरी नोंदवला. नऊही जणांना मुंबईतल्या एकाच नंबरवर बोलायचं होतं. शेटच्या पेढीवर.

एकाला मी विचारलं, "काय बोलतलंस रे?"

"माका काय खबर? शेट येवन बोलतले."

मी त्या नऊ चिठ्ठ्यांना टाचणी मारली आणि एकाच माणसाच्या म्हणून बाजूला ठेवल्या. म्हणजे आता शेटचा एक, मग दुसऱ्या कोणाचा एक, असं आळीपाळीने. माझी भाची हल्ली नेटवर्कचं काम करते. ती सांगते, राउटर नावाच्या डब्यालाही रांगेचं हेच सगळं शिकवावं लागतं. डब्याला निदान मेमो तरी मिळत नाही.

साडेअकराला गुरुजींचा कॉल लागला. ते बूथमध्ये गेले आणि मी कान लावला.

"तुझा पत्र मिळाला," गुरुजी म्हणाले. "'आशीर्वाद' लिवताना शी दीर्घ. तू ऱ्हस्व लिवलंस."

पलीकडून मुलगा म्हणाला, "बाबा, रागावलास?"

"रागावलंय तर. न सांगता लगीन केलंस. तुझी आवस आठ दिस धड जेवक नाय."

तेव्हा मला कळलं की हे काम अर्जंट का नव्हतं. लग्न होऊन गेलं होतं, घाई कसली?

"आता जेवता ती," गुरुजी पुढे म्हणाले. "सून मासे खाता मा?"

"नाय, बाबा. ती शाकाहारी आसा."

माझ्या नोकरीतली सर्वांत लांब शांतता ती. मुलाने लग्न केलं ते पचलं होतं, पण हे जड जात होतं.

"बरा," शेवटी गुरुजी म्हणाले. "फणसाची भाजी खाता मा?"

"खाता."

"मग घेवन ये तिका."

कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपल्याचं सांगायला मी विसरले. अगदी ठरवून विसरले.

शेटनी तक्रार केली. पुढच्याच आठवड्यात जिल्ह्याच्या ऑफिसातले साहेब सकाळच्या गाडीने आले. त्यांनी खण पाहिले, टाचणी पाहिली आणि शुद्ध मराठीत मला झापलं. "रांग कशी लावायची हे तुम्ही ठरवणार? आजपासून जुनी पद्धत." मेमो लिहून त्यांनी टेबलावर ठेवला. मग मुंबईला बायको माहेरी होती म्हणून स्वतःचा एक कॉल नोंदवला. खासगी, म्हणून ऑर्डिनरी. माणूस प्रामाणिक होता.

मी जुनी पद्धत लावली. अगदी काटेकोर.

त्या दिवशी शेटचे चौदा अर्जंट होते. साहेब बाकावर बसले. दुपारी खानावळीत जेवून आले आणि परत बसले. चारला त्यांनी शेटना हेडफोनवर स्वतः ऐकलं. तपासणी म्हणून. शेट तेव्हा मेव्हण्याला सारंगा मासा कसा तळायचा ते सांगत होते.

साडेपाचला साहेबांनी पिशवी उचलली. कॉल लागला नव्हता.

"तुमच्या त्या पद्धतीत माझा नंबर कधी आला असता?"

"सकाळी दहाच्या सुमारास, सर."

त्यांनी मेमोची चारदा घडी घातली आणि खिशात टाकली. "मी काही पाहिलेलं नाही," ते म्हणाले आणि एसटी पकडायला धावले.