पोटात काही नव्हतं

ती घटना आठवली की अजूनही आधी डोळ्यांपुढे येते एका माणसाची झोप. बाकी सगळं नंतर.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी निरोप आला की एका खासगी दवाखान्यात जमाव जमलाय आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना बाहेर ओढायच्या बेतात आहे. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारा एकजण घसरून पडला होता, मनगट मोडलं होतं. हाड बसवण्यासाठी बाईंनी त्याला गुंगीचं आणि वेदना मारणारं अशी दोन्ही इंजेक्शनं दिली. त्याचा श्वास मंदावत मंदावत थांबला.

जमावातल्या पुढच्या दोघा-तिघांशी नीट बोललं की मागच्यांना चहाची आठवण होते. गुन्हा तक्रार आणि वैद्यकीय अभिप्राय पाहून दाखल होईल, असं सांगून मी आत गेलो.

माणूस जिवंत होता. बाई त्याच्या उशाशी बसून नाव घेऊन हाका मारत होत्या, "श्वास घ्या." तो घ्यायचा, मग विसरायचा. पडदा संथ हलत होता. बाहेरचा गलका लांब कुठल्यातरी गावचा वाटायला लागला, आणि माझाही श्वास त्या हाकेबरोबर चालतोय हे माझ्या ध्यानात आलं.

बाईंनी समजावलं ते मी माझ्या भाषेत समजून घेतलं. ठाण्यात एक पहारेकरी पेंगला तर दुसरा त्याला उठवतो. ही दोन औषधं एकत्र आली की दोघेही झोपतात, आणि श्वासावर पहारा उरत नाही. "पण मी दिलेलं प्रमाण कमी होतं," त्या म्हणाल्या. "उतारा दिला की वर येतो आणि परत बुडतो. कुठून बुडतो तेच कळत नाही."

जिन्यात एका शेजाऱ्याने मला बाजूला घेतलं. बायकोनेच काहीतरी दिलंय, माणूस कालपासून झिंगल्यासारखा होता, असं तो कुजबुजला. भाऊबंदकीतला विषप्रयोग मी पाहिलेला आहे, त्यामुळे महिला शिपायाला सोबत घेऊन तिला बाजूच्या खोलीत बसवलं. दरडावलं नाही. घाबरलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, प्रश्न नंतर.

"सायेब, देवाशप्पत, पोटात काय बी न्हाय," ती म्हणाली. "औषध घेतलंय का म्हणून बाईंनी इचारलं, न्हाय म्हणून सांगितलं. पाणीसुदीक दिलं न्हाय."

खोटं बोलणारा सगळंच नाकारतो. ही नुसतं पोटाचंच बोलत होती.

"ताई, पोटात नाही. मग अंगाला?"

"कमरंला पट्टी हाय की. मामंजींची. त्येंच्या कॅन्सरच्या दुखण्याला डाक्टरनं दिलीती, त्यातली एक उरलीती. ह्येंची कंबर धरली म्हणून काल लावली. लई गोड झोपलं वो राती."

मी धावलोच. कमरेच्या पट्ट्याखाली ती चिकटपट्टी होती. दवाखान्यात ती दिसली होती, पण कंबरदुखीची साधी पट्टी म्हणून कुणी हात लावला नव्हता. तिच्यातलं अफूच्या जातीचं औषध कातडीतून अजून झिरपतच होतं. कामावर तो घसरला तोही त्याच गुंगीत. बाईंनी पट्टी सोलून काढली, उतारा सलाईनमधून चालू ठेवला. ऊन कलताना तो हाकेवाचून श्वास घ्यायला लागला.

"म्हंजे मीच का, सायेब?" बायकोने विचारलं. जिला दुपारी ती शिव्या देत होती, त्या डॉक्टरबाईंनीच तिचा हात धरला. "मी 'घेतलंय का' विचारलं. 'लावलंय का' विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

माणूस आपल्या शब्दाला उत्तर देतो, मनातल्या शंकेला नाही. पुढे नोकरीभर प्रत्येक प्रश्न मी दोन-तीन तऱ्हांनी विचारत आलो.

काही दिवसांनी जबाब द्यायला नवरा-बायको ठाण्यात आले. त्याला त्या झोपेतलं आठवत होतं. कळंब्याच्या तळ्यात त्याचे कॅन्सरने गेलेले वडील कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, ये म्हणत होते. पाणी कोमट होतं आणि जावंसं वाटत होतं, पण काठावरून कुणीतरी सारखं नाव घेत होतं.

बायको खाली बघत होती. आता ही मला रोज झोपेतनं हाक मारून उठवती, असं त्याने सांगितलं. त्रास होत असेल, मी म्हणालो.

"व्हय की," तो म्हणाला. "पण ओ देतो."