काकांचं चुकलेलं माप
आमच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, जे काका होते, त्यांना सगळे 'जरा-थांब' म्हणायचे. कोणी घाई केली की मान वर न करता त्यांचं ठरलेलं उत्तर, "जरा थांब." मी शेजारच्या टेबलावर तयार माल पुसून, तेल लावून कागदात गुंडाळायची. माझ्या अंगात उपजतच घाई, त्यामुळे त्या दोन शब्दांनी डोकंच फिरायचं माझं.

माझा धाकटा भाऊ उंच इमारतींच्या काचा धुतो. गच्चीवर यंत्र असतं, त्यावर दोर गुंडाळलेला आणि दोराला लोखंडी पाळणा. त्यात उभा राहून हा खाली उतरतो. एकदा अकराव्या मजल्याशी त्या यंत्राचा शाफ्ट, म्हणजे दोर फिरवणारा लोखंडी दांडा, तुटला. कमरेच्या पट्ट्याला वेगळा दोर होता म्हणून वाचला, नाहीतर... नकोच ते! पाऊण तास हा हवेत लटकलेला आणि मी खाली रस्त्यावर, पायात चप्पलसुद्धा नाही.

नवा शाफ्ट नेमका आमच्याकडे करायला आला. मी काकांसमोर जाऊन उभी. "काका, माझ्या भावाचा जीव आहे ह्यावर. चांगला दुप्पट जाड करा."

त्यांनी तुटलेला तुकडा दाखवला. "नुसत्या जाडीनं भागत नाही. बघ, जाड भाग संपून बारीक सुरू होतो, त्या कोपऱ्यातच गेलाय. फिरून फिरून तिथे केसाएवढी भेग पडते, मग ती आत आत शिरते."

शाफ्ट कातून झाल्यावर त्यांनी कातायचं हत्यार काढून ठेवलं आणि त्या जागी कडक पोलादाचं गुळगुळीत चाक बसवलं. ते त्या कोपऱ्यावर जोरानं दाबून शाफ्ट फिरवला. लोखंडाचा कीस म्हणून पडला नाही.

"हे काय, नुसतं कुरवाळताय होय?"

"दाबतोय. जमीन चोपून घट्ट करतात ना, तशी ही वरची कातडी घट्ट होते. मग भेग सहजासहजी पडत नाही. बर्निशिंग म्हणतात ह्याला."

काका जेवायला गेले. शाफ्टवर चाकाचे पुसट पट्टे राहिले होते, ते माझ्या डोळ्यांत खुपले. लोकांचा माल चकचकीत आणि माझ्या भावाचाच असा? घेतला जाड काचपेपर आणि अर्धा तास जीव तोडून घासला. वर भावाला फोन करून सांगितलं, "तुझा शाफ्ट मी स्वतः चमकवलाय!"

काका आले. त्या कोपऱ्यावरून नख फिरवलं, माप लावलं आणि मटकन स्टुलावर बसले. "पोरी, घट्ट केलेली कातडी तू सोललीस. वर हे ओरखडे. भेगेला आयतीच वाट. आणि बेअरिंगमध्ये बसतो तो भाग झिजून ढिला झाला, ते वेगळंच."

तेवढ्यात मालक आले. "संध्याकाळी गाडी येतेय. झाला का शाफ्ट?"

मी तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "माझ्याकडून माप चुकलं. परत करतो."

तीस वर्षांत ज्याचा एकही नग परत आला नव्हता, तो माणूस हे म्हणाला! मालक चारचौघांत नाही नाही ते बोलले. काकांनी त्या शाफ्टचे करवतीनं दोन तुकडे केले, चुकून कोणी वापरायला नको म्हणून, आणि नवा तुकडा लेथवर चढवला. मी खरं न सांगता टेबलावरचा माल गुंडाळत राहिले. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काय! त्या संध्याकाळी काकांना 'लवकर करा' म्हणायची मात्र माझी हिंमत झाली नाही.

त्याला नऊ वर्षं झाली. भाऊ त्या नव्या शाफ्टच्या भरवशावर रोज वरखाली करतो आणि भेटेल त्याला सांगतो, "माझ्या ताईनं चमकवलाय तो." दरवेळी माझी मान खाली.

परवा काकांचा निरोपाचा चहा होता. भावालाही मी बोलावलं होतं. मालक मजेत म्हणाले, "एवढ्या वर्षांत एकदाच माप चुकलं, तेही आम्ही माफ केलं!" सगळे हसले. काकाही हसले. मी मात्र कप खाली ठेवला.

"माप चुकलं नव्हतं," मी उभी राहून म्हटलं. "मी घासून वाट लावली होती. काकांनी माझ्या चुकीचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं." मग भावाकडे वळले. "मी चमकवलेला भंगारात गेला रे. तू लटकतोस तो ह्यांचा आहे."

भाऊ उठून तडक काकांकडे गेला. "अरे अरे, चहा सांडेल, जरा थांब," काका म्हणाले.

तो कसला थांबतोय! त्यानं त्यांना घट्ट मिठी मारली, आणि नऊ वर्षं माझ्या ओठांवर अडकलेलं "काका, तुमचे फार उपकार आहेत" मी तिथेच सगळ्यांसमोर रडत रडत म्हटलं.