न कळवता कोल्चेस्टरला

१८ ऑगस्ट २००७ रोजी पद्माकर मुतालिकांनी जर्मनीतल्या हान विमानतळावरून लंडनजवळच्या स्टॅनस्टेडला जाण्यायेण्याची दोन तिकिटं काढली. दोघांचे मिळून एकशे बारा युरो चौसष्ट सेंट झाले. दोघांकडे जर्मन पासपोर्ट असल्यामुळे व्हिसाची यातायात नव्हती. खर्चाबद्दल मुतालिकांची तक्रारही नव्हती. तक्रार होती ती बायकोच्या अटीबद्दल. ज्या मॉरीनकडे जायचं, तिला आधी कळवायचं नाही, अशी कुसुमताईंची अट होती.

"अगं, निदान एक फोन कर. घरी आहे की नाही एवढं तरी कळेल."

"फोन करून गेलं की ती भेट होते. मला भेट घ्यायची नाहीये. मला सहज जायचंय."

"सहज! विमानाचं तिकीट काढून!"

"तिकीट तुम्ही काढलंत ना? मग सहज मी जाते."

मुतालिक एका वाहतूक कंपनीत हिशेब सांभाळायचे. मुद्दा कुठे सोडून द्यावा हे त्यांना पक्कं कळत होतं. त्यांनी सोडून दिला.

कुसुमताई मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढल्या. तिथे दाराची कडी फक्त रात्री लावायची असते, अशीच त्यांची समजूत होती. शेजारीण यायची, पायरीवर बसायची, शेंगा निवडू लागायची आणि कशाला आली होती ते न सांगताच उठून जायची. लग्नानंतर लुडविग्सहाफेनला आल्या, त्या पहिल्याच दिवाळीत चकल्यांची ताटली घेऊन त्यांनी समोरची बेल वाजवली. समोरच्या बाईंनी दार वीतभर उघडलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "इस्ट वास पासिएर्ट?" काही झालंय का? काही झाल्याशिवाय कोणी बेल वाजवत नाही, हे ताईंना त्या दिवशी कळलं. बाई वाईट नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ताटली धुऊन, पुसून, त्यात सफरचंदं घालून त्यांनी परत केली. पण ती दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवली होती.

पुढे तर मुलगाही तसाच निघाला. वेदांग येनाला संशोधन करायचा. घरी यायच्या आधी आठ दिवस त्याचा फोन यायचा.

"आई, शनिवारी तीन वाजता. पास्ट एस ओइश?"

"अरे, आईला जमतंय का काय विचारतोस? घर आहे तुझं."

"आल्झो, म्हणजे बरं तर, तीन," तो म्हणायचा आणि ठरल्या वेळी, तीनच्या ठोक्याला हजर व्हायचा. ताईंना आनंद व्हायचा, पण तो आधीच आठ दिवस वापरून झालेला असायचा.

अशात खालच्या मजल्यावर मॉरीन राहायला आली. इंग्लंडची बाई, नवरा जर्मन. सामान लावून होण्याआधीच तिने दारात डोकं घातलं. "पॉप्ड इन टु से हॅलो!" आणि ताई काही बोलायच्या आत ती स्वयंपाकघरात पोचली होती.

तेव्हापासून घरात तो शब्द शिरला. मॉरीन कुठे जात नसे, ती 'पॉप' होत असे. दुकानात जायचं तर पॉप आउट, मैत्रिणीकडे पॉप राउंड, एखादी वस्तू द्यायला पॉप अप. किटलीसुद्धा ती चुलीवर ठेवत नसे, पॉप ऑन करत असे. तिच्या गावचा डॉक्टर म्हणे पेशंटला म्हणतो, पॉप युअर शर्ट ऑफ. मुतालिकांना हे विचित्र वाटायचं. शाळेत ते 'टू व्हिजिट' शिकले होते.

"अहो, आपलं 'जरा' नाही का?" ताईंनी त्यांना समजावलं. "जरा जाऊन येते, जरा चहा टाक, जरा बस. काम तेवढंच असतं, पण समोरच्यावर त्याचा भार पडत नाही."

मॉरीन रोज सकाळी अकराच्या सुमाराला यायची. कधी रडायला, कधी कढीलिंब हुंगायला, कधी नुसतीच. ताईंच्या हातात लाटणं असलं तर त्या लाटत राहायच्या. पाहुणी आली म्हणून काहीच थांबत नसे, हेच त्यांना सगळ्यात आवडायचं. असं तेरा वर्षं चाललं. मग मॉरीनचा नवरा गेला आणि ती बहिणींच्या ओढीने इंग्लंडला परतली. टॅक्सीत बसताना ताईंचा हात धरून म्हणाली, "पॉप ओव्हर एनी टाइम, लव्ह. एनी टाइम."

त्यानंतरचं दीड वर्ष ताईंनी कसंबसं काढलं. सकाळी अकराला त्या दोन कप काढायच्या आणि एक परत ठेवायच्या. मुतालिकांनी ते एका सुट्टीच्या दिवशी पाहिलं होतं. तिकिटं काढली ती त्यामुळेच.

कोल्चेस्टरला मॉरीनच्या गल्लीत दोघं शनिवारी साडेअकराला पोचले. ताईंच्या पिशवीत चिवडा होता. त्यांनी पदर सारखा केला, मग स्वतःशीच हसल्या आणि बेल वाजवली. पुन्हा वाजवली. आत कोणी नव्हतं.

शेजारच्या कुंपणापाशी एक म्हातारे गृहस्थ गुलाब छाटत होते. हारवुड त्यांचं नाव. "मॉरीन? शी हॅज पॉप्ड ओव्हर टू हर सिस्टर्स."

"मग येईलच इतक्यात," ताई म्हणाल्या.

"बहीण वेल्सला असते. सोमवारी येईल."

वेल्स म्हणजे आगगाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. मुतालिकांनी बायकोकडे पाहिलं. त्यांचं परतीचं विमान त्याच रात्रीचं होतं.

"या ना, पॉप इन फॉर अ कप ऑफ टी," हारवुड म्हणाले.

अनोळखी माणूस, पण बोलावणं तेच. ताई गेल्या. चहा चांगला होता. त्या खिडकीजवळ बसल्या आणि सगळा वेळ शेजारचं बंद दार पाहत राहिल्या. चिवड्याचा डबा त्यांनी मॉरीनसाठी हारवुडांपाशी ठेवला. निघताना मुतालिकांच्या लक्षात आलं, खिशात फक्त पन्नास पौंडांची नोट आहे आणि बसवाला ती घेणार नाही. हारवुडांनी सुटे दोन पौंड चाळीस पेन्स त्यांच्या हातावर ठेवले.

सोमवारी संध्याकाळी मॉरीनचा फोन आला. ती रडत होती आणि रागावलीही होती.

"वेडाबाई! कळवायचं नाही का? मी कुठेही गेले नसते!"

"तू कधी कळवून यायचीस?"



"मी खालच्या मजल्यावर राहत होते, लव्ह," मॉरीन म्हणाली. "तू नसतीस तर जिना उतरून परत गेले असते. आता तसं कसं होईल? पुढच्या वेळी तारीख सांग. मी कॅलेंडरवर लिहून ठेवते, घर आवरते, तुझ्यासाठी खोली तयार करते."

"सांगते," ताई म्हणाल्या.

मुतालिकांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"तारीख कळव म्हणाली."

"मग कळवू या की. ऑक्टोबरात जमेल मला."

"बघू," ताई म्हणाल्या आणि कणीक मळायला घेतली. ऑक्टोबर गेला, नाताळ गेला. मॉरीनचं कार्ड आलं, ताईंनीही पाठवलं. तारीख त्यांनी कळवली नाही आणि पुन्हा कोल्चेस्टरला जाणं झालं नाही. हारवुडांचे दोन पौंड चाळीस पेन्स अजून द्यायचे आहेत.