गाळलेली साक्ष

रेणापूरची प्रियदर्शनी लई धीराची पोर. दरसाल बुद्धविहारात पांढरी चादर टांगून खऱ्या गोष्टीचे पिक्चर दाखवायची, गोरगरिबावर झालेल्या जुलमाचे. औंदा तिनं सोता काढलेला, नागुबाईच्या लेकाचा, अश्वजितचा पिक्चर होता. गावातल्या जमीनदारांनी त्याला बांधावरून जाताना मारून टाकलं होतं. त्या पिक्चरमधी गुणाबाई बोलली होती, "म्या डोळ्यानं बघितलं, कोन कोन होते ते." पुढं कोर्टात तीच बाई म्हनली, "मला काय बी ठावं न्हाई." सगळे सुटले.

कोर्टानं न्हाई ऐकलं तर न्हाई, गावानं तरी एकदा ऐकावं, म्हनून नागुबाई वाट बघून राहिली होती.

पर त्याच दुपारी गुणाबाई प्रियदर्शनीच्या दारात आली. पदर पसरून म्हनली, "माय, माझं बोलनं तेवढं काढ. त्याच लोकांच्या रानात खुरपायला जाते मी. माझ्या लेकराला बी मारतील."

 प्रियदर्शनीनं तेवढं बोलनं काढून टाकलं. नागुबाईला सांगायची मात्र हिंमत झाली न्हाई.

सांजंला विहार भरला. नागुबाई ठेवनीतलं लुगडं नेसून म्होरंच बसली. चादरीवर लेक दिसला, बांध दिसला, अन् पिक्चर सरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"गुणाबाई कुठं गेली गं?" नागुबाईनं इचारलं.

प्रियदर्शनीनं मान खाली घातली. "काढली, मावशी. तिच्या लेकरासाठी."

"माझं बी लेकरूच होतं की." नागुबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "तू बी साक्ष फिरवलीस, पोरी."