गोलपोस्टसमोरचे खड्डे

मांडववाले बांबू उपटतात, टेम्पोत भरतात आणि निघून जातात. खड्डे तसेच राहतात. माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढे खोल. वर गवत आडवं पडलं की दिसतही नाहीत. पळता पळता त्यात पाय गेला की घोटा मुरगळलाच. आमच्या क्लबचे दोन चांगले खेळाडू असेच घरी बसले.

मैदान शहाडला, माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर. पूर्वी कारखान्यातल्या कामगारांनी मिळून हा फुटबॉलचा क्लब काढला, तेव्हा माझे मिस्टर त्यात गोली होते. गोली म्हणजे गोलपोस्ट राखणारा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, बाकीचे एवढे पळतात आणि यांना एका जागी उभं केलंय, म्हणजे यांना नीट खेळता येत नसणार. एकदा तसं बोलूनही गेले. ते इतके हसले की ताटातला भात सांडला.

पुढे कारखाना बंद पडला, क्लब राहिला. खेळायचं थांबलं तरी मिस्टर दर रविवारी मॅच बघायला जायचे. मुलगा बाळकुमला मोठ्या बिल्डिंगमध्ये राहायला गेला, घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा एका रविवारी म्हणाले, "चल, घरी बसून भिंती बघायच्या त्या तिथे येऊन मैदान बघ." तेव्हापासून मी जाते. चौथ्या पायरीवर डाव्या टोकाला आमची जागा. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. मी जातेच.

मी तीन घरी पोळ्या करते. तिथे बोलायची वेळ फारशी येत नाही आणि आली तरी मला जमत नाही. मैदानाच्या पायऱ्यांवर मात्र न बोलता माणसांत बसता येतं. सगळे समोर बघत असतात. तुमच्याकडे कोणी बघत नाही, तरी तुम्ही एकटे नसता. मुलगा म्हणतो, "आई, तुला त्यातलं काय कळतं? इथे ये, नातवाबरोबर खेळ." मी दोन दिवस जाते आणि रविवारच्या आत परत येते.

आम्ही बघणारे पंधरा-वीसच. माझ्या शेजारी एक रिटायर झालेले गृहस्थ बसतात, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ते आता लेकीकडे शीळफाट्याला राहतात आणि तिथल्या ट्रॅफिकमधून दीड-दोन तास काढून येतात. खालच्या पायरीवर एक रिक्षावाला असतो. त्याचं तोंड सारखं चालू. "अरे पास दे ना बाबा! बॉल काय घरी घेऊन जाणारेस?" त्याच्या ओरडण्याला आमचे खेळाडू पण हसतात. आमची टीम सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये, आणि तिथेही शेवटची किंवा शेवटून दुसरी.

हरण्याचं कोणाला एवढं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते कमिटीचं. अध्यक्षांचा धंदा लग्नाच्या मांडवांचा. ते आले तेव्हापासून मैदान लग्नांना द्यायला लागले. एका वर्षात तीन कोच बदलले. हिरव्या जर्सी होत्या त्या केशरी-जांभळ्या केल्या, का ते कोणाला माहीत नाही. मॅचच्या आधी मैदानावर मांडव असतो, म्हणून खेळाडूंनी प्रॅक्टिसला लांब कुठल्यातरी टर्फवर जायचं. मॅचची वेळ बदलली तर कागद ऑफिसच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवतात. दार बंद असतं.

भाऊंचं अक्षर सुंदर आहे. त्यांनी कमिटीला चार पत्रं लिहिली, आमच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बँकेतली सोडली तर मी आयुष्यात पहिल्यांदा सही केली ती त्यातल्या पहिल्या पत्रावर. उत्तर एकाचंही आलं नाही. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, पुढचं पत्र लग्नाच्या पत्रिकेसारखं छापा. मग वाचतील."

खड्डे बुजवायचं काम आपोआप आमच्याकडे आलं. मांडव निघाला की मॅचच्या आधी तासभर आम्ही बघणारेच जमायचो. कुंपणाजवळच्या ढिगातून घमेल्याने माती आणायची, खड्ड्यात ओतायची, पाण्याचा शिपका मारून पायाने दाबायची. सुरुवात मिस्टरांनी केलेली. ते गोलपोस्टसमोरचा भाग स्वतः करायचे. चपला काढून अनवाणी फिरायचे, कारण डोळ्यांना न दिसणारा खड्डा तळपायाला कळतो. "गोलीला खाली बघायला वेळ नसतो," म्हणायचे. ते गेल्यावर गोलपोस्टसमोरचा भाग माझ्याकडे आला. कोणी दिला नाही, मीच करायला लागले.

मग तो रविवार आला. आदल्या दिवशी मोठं लग्न झालेलं. मी नेहमीसारखी तासभर आधी गेले. कोणी नव्हतं. मला वाटलं, शीळफाट्याला गाड्या अडकल्या असतील. मी माती आणायला लागले. अर्धा तास झाला तरी कोणी नाही. उरलेला भाग मला एकटीला झेपणारा नव्हता, पण अर्धवट सोडावा असंही वाटेना. पदर खोचला आणि लागले. एका गोलपोस्टसमोरचा भाग झाला, मग दुसऱ्यासमोरचा. मग मधले दिसतील तेवढे. किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही, शेवटी बोटं वळत नव्हती. रेफरी आला, सगळीकडे फिरला, दोन-तीन ठिकाणी टाच आपटून बघितली आणि मान हलवली. मॅच सुरू झाली.

पायऱ्यांवर मी एकटी. अख्ख्या लांबच्या लांब पायऱ्या आणि चौथ्या पायरीवर मी. समोरच्या झाडावरचे कावळे माझ्यापेक्षा जास्त होते.

आणि त्या दिवशी आम्ही जिंकलो. त्या वर्षातला पहिला विजय. एक-शून्य.

त्याआधी, मधल्या सुट्टीत, अध्यक्ष स्वतः माझ्याकडे आले. बरोबर सचिव आणि फोटो काढणारा. "या ताई, या मैदानावर या." मी नको नको म्हणत होते, पण माझं नको कोणाला ऐकू येत नाही. मला मध्यभागी उभं केलं, शाल घातली, नारळ दिला. आमच्या क्लबच्या कपाटात खेळाडूंना मोजे नसतात, शाली मात्र असतात. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "खरे चाहते आमच्याबरोबर आहेत, हे या भगिनीने दाखवून दिलं." मी खाली बघत होते. माझ्या पायांना ओली माती होती.

सगळे कुठे गेले, हे मला पुढच्या मॅचला कळलं. त्या वेळी लग्न नव्हतं, खड्डे नव्हते, सगळे आलेले. पण भाऊ तीन पायऱ्या वर जाऊन बसले. माझ्या बाजूची जागा तशीच. रिक्षावाल्याने मान वळवली.

"काय काकू, आज शाल नाय आणली?"

दोघं-तिघं हसले. मला काही समजेना.

"अहो, आम्ही सगळे मुद्दाम घरी बसलो. ठरलेलं, एकपण खड्डा भरायचा नाय. रेफरीने मॅच कॅन्सल केली असती, लीगवाल्यांनी कमिटीची वाट लावली असती. आणि तुम्ही आख्खं मैदान भरून दिलंत! वर फोटो!"

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. पण तेवढ्यात शिट्टी वाजली आणि सगळे समोर बघायला लागले.

ठरलं होतं ते मोबाइलवरच्या ग्रुपवर. माझा फोन साधा, बटणांचा. मागे कोणीतरी नंबर मागितला होता, तेव्हा मी "राहू दे, भाऊ सांगतात मला" म्हणून टाळलं होतं. भाऊंना वाटलं रिक्षावाला सांगेल, तो शहाडचाच. रिक्षावाल्याला माझी खोली माहीत नव्हती. कोणालाच नव्हती. इतकी वर्षं एकत्र बसून मी कुठे राहते हे कोणाला माहीत नाही, आणि माझं नावही नाही, काकू किंवा वहिनी. यात त्यांची चूक किती आणि माझी किती, हे मला अजून ठरवता येत नाही. मीच कधी सांगितलं नाही.

ती मॅच मी पूर्ण बघितली. उठून गेले असते तर तेही सगळ्यांना दिसलं असतं. घरी येऊन शाल ट्रंकेत टाकली, मग काढली, मग दाराच्या मागे खिळ्याला लावली. ती पोपटी रंगाची होती. जेवताना समोर दिसायची.

पुढचे काही दिवस मनात एकच होतं. रविवारी ती जागा राहिली नाही तर मी कुठे जाऊ? मुलगा फोनवर म्हणाला, "आवाज का असा?" मी म्हटलं, "सर्दी."

दोन आठवड्यांनी कामाला जाताना रस्त्यावरून मांडव दिसला. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. या वेळीही मला कोणी काही सांगितलं नाही. पण आता सांगायची गरज नव्हती. रविवारी मी शाल घडी करून पिशवीत घातली आणि निघाले.

गेटबाहेर सगळे उभे होते. भाऊ, रिक्षावाला, बाकीचे. मी त्यांच्यात गेले नाही. रस्त्यापलीकडे विजेचा डबा आहे, त्याच्या बाजूला उभी राहिले. गेटच्या सळ्यांमधून मैदान दिसत होतं. पांढरी फक्की मारून रेषा आखलेल्या, आणि रेषांच्या आत सगळीकडे काळी भोकं. गोलपोस्टसमोर तर सात-आठ. माझे हात सारखे पदराशी जात होते. माती तिथेच ढिगात पडलेली. मी पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

सचिव गेटपाशी आले. "काकू, बाहेर का? या ना आत. घमेलं काढून ठेवलंय तुमचं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्ता ओलांडला. पिशवीतली शाल काढली आणि सळ्यांमधून आत दिली.

"हे काय?"

"साहेबांना द्या."

"अहो, सत्काराची शाल कोणी परत देतं का? काय सांगू त्यांना?"

"काही नको," मी म्हटलं आणि परत माझ्या जागेवर येऊन उभी राहिले.

रेफरी आला. चार पावलं चालला आणि त्याचा पाय आत गेला. पडला नाही, पण बराच वेळ घोटा धरून उभा राहिला. मग त्याने दोन्ही कॅप्टनना बोलावलं. ठाण्याहून आलेल्या टीमने बूट काढायला सुरुवात केली. मॅच रद्द. गुण समोरच्या टीमला. म्हणजे आता आम्ही शेवटचेच.

बाहेर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यासाठी उभे होते ते झालं होतं, आणि सगळ्यांचे चेहरे मॅच हरल्यासारखे. आमचे खेळाडू पायऱ्यांवर बसून राहिले. रिक्षावाला म्हणाला, "आपणच आपल्याला हरवलं, च्यायला."

मग भाऊ रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. डब्याला टेकून उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "ती आपण जिंकलेली मॅच. गोल कसा झाला हो?"

मला वाटलं टोमणा आहे. पण ते खरंच विचारत होते. वर्षातला एकच विजय, आणि तो त्यांच्यातल्या कोणी बघितला नव्हता. मी एकटीने बघितला होता. महिनाभर तो माझ्याकडेच पडून होता.

"उजवीकडून आला बॉल," मी म्हटलं. "म्हणजे आपल्या उजवीकडून. तो नवीन, उंच खेळाडू..."

"नऊ नंबर?" रिक्षावाला कधी आला कळलं नाही.

"हां, तोच. त्याने आधी डावीकडे जायचं नाटक केलं. त्यांचा गोली तिकडे सरकला. मग याने थांबून हळूच उजवीकडे ढकलला. जोरात नाही. हळू."

"हळू? आपला माणूस? शक्यच नाय!"

"हळूच," मी म्हटलं. "मला वाटलं पोचतच नाही. खांबाला घासून गेला आत."

"परत सांगा काकू, पहिल्यापासून." बाकीचेही आलेले. मी परत सांगितलं. या वेळी पिशवी खाली ठेवली, हाताने दाखवलं, गोली कुठे आणि बॉल कुठे. रिक्षावाला मध्ये मध्ये शिव्या घालत होता, आनंदाच्या. इतकं सलग मी कधी बोलले नव्हते.

नंतर सगळे पांगले. भाऊंना शीळफाटा गाठायचा होता. कोणीतरी माझा नंबर लिहून घेतला, खोलीचाही. त्यानंतर लीगने चौकशी लावली, मैदानाला कुलूप आहे, या वर्षी मॅच नाहीत. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा भाऊंचा. "अजून काही नाही," असं सांगायला. रविवारी मी चार वाजता तयार होऊन बसते आणि मग पदर खोचून भांडी घासते.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. त्या दिवशी बॉल खांबाला घासून आत गेला, तेव्हा मी ओरडले. उभी राहून, जोरात. मला ओरडता येतं हे मला माहीत नव्हतं. आमचा गोली पलीकडच्या टोकाला होता, त्याने वळून पायऱ्यांकडे बघितलं आणि हात वर केला. पायऱ्या रिकाम्या होत्या, म्हणजे तो हात मलाच होता. मी पण हात वर केला. मातीचाच होता अजून.