इटालियनवरून फ्रेंच, माझ्या जेवणाच्या टेबलावर

नव्वदच्या दशकात जयनगरला, घराच्याच पुढच्या खोलीत, मी भाषांतराची कचेरी चालवत होते. बोम्मसंद्र्याचा एक कारखानदार काम घेऊन आला. तो इटालियन आराखड्यांवरून टर्बाइनचे भाग बनवून आफ्रिकेतल्या एका वीजकेंद्राला विकायचा. तिथली भाषा फ्रेंच, त्यामुळे इटालियन माहितीपुस्तकं फ्रेंचमध्ये हवी होती. हे काम टिकलं तर कचेरी टिकणार होती, नाहीतर टाळं.

इटालियनवरून थेट फ्रेंच करणारा, तोही वीजनिर्मितीतला जाणकार! दिल्ली-मुंबईला फोन करून कान दुखले. जो तो म्हणे, आधी इंग्रजी करून घ्या. अखेर हेब्बाळकडे एक म्हातारे फादर सापडले. रोममध्ये शिकलेले, आफ्रिकेत राहिलेले. दोन्ही भाषा उत्तम, पण टर्बाइन काय असतं ते त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणून वीजखात्यातला एक निवृत्त इंजिनियर जोडीला बसवला. फादर इटालियन वाचून कन्नडमध्ये सांगायचे, इंजिनियर यंत्रात काय घडतं ते कन्नडमध्येच समजावायचा, मग फादर फ्रेंच लिहायचे. जागा माझं जेवणाचं टेबल.

पहिलं पुस्तक झकास झालं. कौतुक करायला कारखानदार स्वतः आला, तोही ऐन जेवणाच्या वेळी, फादर नि इंजिनियर टेबलाशी असताना. गिऱ्हाइकाला भाषांतरकार दाखवायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. पण दारात आलेल्याला उपाशी परत पाठवायची आमच्या घराची रीत नाही. त्याचंही पान वाढलं. तो दोघांच्या मधे बसला, कोशिंबीर दोनदा मागून घेतली, फादरांना घरचा पत्ता विचारला. किती साधा माणूस, असं मला वाटलं.

दुसरं पुस्तक आलंच नाही. फोन केला, तर कारखानदारसाहेब कायम मीटिंगमध्ये. इंजिनियर कधीच घरी नाही. त्याची बायको खोटं बोलताना अडखळायची. मला कळत होतं, पण मन मानत नव्हतं. मी घरातल्यांवर खेकसायला लागले.

मग एक दिवस फादरांचा फोन आला.

"अक्का, तुमची गाडी रोज वेळेवर येते. पण कारखान्याच्या कँटीनचं जेवण मला सोसत नाही. तुमच्याकडचा डबा पाठवाल?"

"फादर, ती गाडी माझी नाही, कारखान्याची आहे. माझं काम काढून घेतलंय त्यांनी."

आता ते तिकडचं काम सोडतील, अशी मी खुळ्यासारखी आशा धरली.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "मग डबा राहू दे."